उदकविक्रय

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, आपत्काळी वैश्यवृत्ती पत्करणाऱ्या ब्राह्मणाने कोणते जिन्नस विकू नयेत याची जी लांबलचक यादी आहे, तीत शस्त्र, विष आणि मांस यांच्या पंक्तीला उदकही बसविलेले आहे. आणि भोरच्या किंवा नसरापूरच्या बाजारात दुकानापुढे रचलेले वीस-वीस लिटरचे जार पाहून ज्यांना कलियुगाची आठवण होते, त्यांना हा आधार मोठा सोयीचा वाटेल यात संशय नाही. परंतु ती यादी शांतपणे वाचली असता ध्यानात येते, की तिला काळजी आहे ती विकणाऱ्याच्या शुचितेची. ज्याला तहान लागली आहे त्याचा उल्लेख तीत कोठेच नाही.

या उणिवेचे फळ पाहावयास भोरकरांना फार लांब जावे लागत नाही. वरंधा घाट उतरून गेले की महाड. तेथील चवदार तळ्याचे पाणी कोणी विकत नव्हते. ते सर्वांस खुले असल्याचा नगरपालिकेचा १९२४ सालचा ठरावही दप्तरी होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या अनुयायांनी ते प्राशन केले, तेव्हा त्या मंडळींवर लाठ्या चालल्या आणि मागाहून तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ करण्यात आले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृतीचे दहन झाले. फुकटचे पाणीसुद्धा माणसाला नाकारता येते, आणि तेही पुण्यकर्म समजून नाकारता येते.

त्याच सुमारास घाटाच्या अलीकडे वेळवंडीवरचे भाटघर धरण पुरे होत होते. सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी साठविणारा तो जलाशय नीरेच्या कालव्यांवाटे बारामती-फलटणकडचा ऊस पोसतो. वेल्ह्यातील, म्हणजे आता सरकारदप्तरी राजगड तालुक्यातील, पानशेतचे पाणी पुण्यास जाते. आणि सह्याद्रीचा मुसळधार पाऊस ज्यांच्या कौलांवर आधी कोसळतो, त्या डोंगरातल्या वाड्यावस्त्या वैशाखात टँकरची वाट पाहतात. (कातळावरून पाणी वाहून जाते, मुरत नाही, हे कारण खरेच, पण खाली इतके अडविता येते आणि वर चार हंडे राखता येत नाहीत, हे काही भूगर्भशास्त्राने ठरविलेले नव्हे.) टँकरचा पाइप विहिरीत सोडला की गढूळ फेस वर येतो, आणि तो निवळण्याआधीच पोहरे खाली जातात. या पाण्याचे दाम कोणी मागत नाही. ते येईल की नाही, एवढाच प्रश्न असतो.

तेव्हा दोष केवळ पैसे घेण्यात आहे, असे मला वाटत नाही. राजगडावर ताक-सरबत विकणाऱ्या बायका ओझे डोक्यावर घेऊन ती चढण चढतात; त्यांच्या पेल्याचे पैसे हा श्रमाचा मोबदला आहे. गड बांधण्यापूर्वी उदक पाहावे, नसल्यास खडक फोडून टाकी बांधावीत, असे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजाविले. त्या पाथरवटांनाही मजुरी द्यावी लागलीच असणार. अधर्माला आरंभ होतो तो पैसे नसलेल्याला कोरड्या घशाने परत पाठविले जाते तेथे, मग पाठविणारा व्यापारी असो, पुरोहित असो की सरकार.

एकनाथांनी रामेश्वरास निघालेली गंगेची कावड तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, ही कथा आपण भूतदयेची म्हणून सांगतो आणि तिच्यातला कठीण भाग गाळतो. ते पाणी आधीच दुसऱ्याचे, खुद्द देवाचे ठरलेले होते. तहानेने त्या मालकीवर मात केली. आजचे पाणीही असेच आधी ठरलेले असते. राज्याच्या २००५ च्या कायद्याने स्थापन झालेले जलसंपत्ती नियमन प्राधिकरण त्याचे घाऊक दर ठरविते. राज्याची जलनीती पिण्याच्या पाण्यास अग्रक्रम देते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तर २८ जुलै २०१० रोजी शुद्ध पाणी हा मानवी हक्कच मानला. कागद सगळे बिनचूक आहेत. भाटघरचे आवर्तन सोडण्याचा हुकूम निघतो तेव्हा धरणाच्या वरच्या वस्तीतला हंडा त्यातल्या कोणत्या रकान्यात धरलेला असतो, तेवढे एकदा पाटबंधारे खात्याने त्या वस्तीच्या पारावर येऊन वाचून दाखवावे.