बंदा रुपया

आजचं वाचन गीतेच्या चौदाव्या अध्यायातलं, श्लोक 24. तिन्ही गुणांच्या पलीकडे गेलेल्या माणसाला मातीचं ढेकूळ, दगड आणि सोनं यांत फरक वाटत नाही, असं भगवंत सांगतात. हा श्लोक मला आधीपासून आवडतो. मला जुनी नाणी जमवायचा नाद आहे, आणि 'मी काही पैशासाठी करत नाही' म्हणायला हा श्लोक बरा पडतो.

2025 ची चैत्री पौर्णिमा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत होतो. डोंगराच्या सुळक्यावर नवा ध्वज फडकत होता, खाली महामार्गापर्यंत गर्दी. दर्शन घेऊन बाहेर आलो. टोपल्या विकणाऱ्या एका वारली आजींशी बोलता बोलता माझ्या नादाचा विषय निघाला. आजींनी पदराची गाठ सोडली. आत पंचम जॉर्जचे चार रुपये, आईच्या माळेतून सोडवलेले. कडेला डाखाचा डाग तसाच होता. एका व्यापाऱ्याने त्यांना तीनशेचा भाव सांगितला होता.

"खरी किंमत काय रे याची?" त्यांनी विचारलं.

खिशात छोटा काटा असतोच. प्रत्येक नाणं 11.66 ग्रॅम, म्हणजे जुना तोळा. चांदी 91.7 टक्के. मागे खालच्या कमळाखाली बारीक ठिपका, म्हणजे मुंबईची टांकसाळ. चारही 1918 सालचे. हे साल दुर्मीळ नाही, कोट्यवधी पाडलेत. शिवाय डाखामुळे संग्राहक जास्त देणार नाही. पण 1918 म्हटलं की मला राहवत नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपयांना चांदी पुरेना, तेव्हा अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले 27 कोटींवर चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनने विकत घेतली, ती इथल्या रुपयांसाठी. अमेरिकेचा जुना डॉलर 26.73 ग्रॅमचा, 90 टक्के चांदीचा. त्याची पारखही अशीच, वजन, साल आणि टांकसाळीची खूण बघून करतात. म्हणजे आजींच्या पदरात कदाचित वितळलेले डॉलर होते! सोनं एक, दागिने अनेक, हे आपण कीर्तनात ऐकतो, तेच तळहातावर दिसत होतं. मी त्यांना ही सगळी गोष्ट रंगवून सांगितली.

किंमत मात्र सांगितली नाही. चांदी ग्रॅमला शंभरच्या आसपास होती, म्हणजे नुसत्या धातूचे एका नाण्यामागे हजार. मी म्हणालो, "पाचशे." आजी खूश. मीही खूश, व्यापाऱ्यापेक्षा दोनशे जास्त दिले म्हणून.

रात्री घरी हाच श्लोक समोर आला. मला चांदी आणि ढेकूळ खरंच सारखं असतं, तर हजार म्हणताना जीभ का अडली? ज्याला सोन्याची माती वाटते त्याला खरा भाव सांगणं सगळ्यात सोपं, त्याचं जाणार काय? आणि समजा, मला झालंय सगळं सारखं. आजींना कुठे झालंय? त्यांना त्या पैशात घरात काहीतरी आणायचं होतं. माझं वैराग्य त्यांच्या चांदीवर चालत होतं. मित्र म्हणाला, बाजारात असंच असतं. नाण्यांच्या दुकानदाराने चुकून स्वस्तात दिलेलं नाणं मी मुकाट्याने घेईन, खोटं कशाला बोलू? त्याचा तो धंदा आहे. पण आजींनी भाव केला नव्हता. त्यांनी विचारलं होतं.

जत्रा पंधरा दिवस चालते. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. आजी तिथेच होत्या. उरलेले दोन हजार पुढे केले आणि हिशेब सांगितला.

"तेव्हा ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं, आजी."

त्या काही बोलल्या नाहीत. पैसे मोजून घेतले. मग गाठीतून आणखी एक रुपया काढला. "याचं बोल."

सहाव्या जॉर्जचा, 1944 चा. 1940 पासून रुपयात चांदी निम्मीच असायची. वजन मात्र तेच ठेवलं होतं, 11.66 ग्रॅम. मी म्हणालो, याचे साधारण निम्मे येतील.

"आता कमी सांगतोस," आजी म्हणाल्या. काट्यावर ठेवून दाखवलं असतं, पण काटा तर दोन्ही नाण्यांना सारखाच म्हणणार. माझ्या शब्दाशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि तो त्यांनी आठवड्यापूर्वी एकदा घेऊन बघितला होता.

मग आठवलं, निम्म्या चांदीच्या या रुपयांच्या कडेला दात्यांच्या मधोमध गोल फिरणारी एक खाच असते. सरकारने मुद्दाम ठेवलेली. मी पाकिटातून त्यांचाच 1918 चा एक रुपया काढला आणि दोन्ही त्यांच्या हातात दिले. त्यांनी आधी एकाच्या कडेवरून नख फिरवलं, मग दुसऱ्याच्या. पुन्हा पहिल्याच्या.

1944 चा त्यांनी गाठीत परत बांधला. 1918 चा बराच वेळ हातात धरून ठेवला, आणि मी दिलेल्या नोटांतल्या दोन पाचशेच्या माझ्या हातावर ठेवल्या.