टिकणारें तारण

शास्त्रपाठ : यशया ५४:१०, १ पेत्र १:१८, १९



रायगड जिल्ह्यांतील उलवें येथील डोंगर पिढ्यान्‌पिढ्या अढळ मानिला जात असे. विमानतळासाठीं तो सुरुंग लावून कापण्यांत आला, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यांत आला, आणि १० गांवांतील लोकांस घरेंदारें सोडावीं लागलीं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें. गेलेल्या जमिनीबद्दल शेतकऱ्यांस २२.५ टक्के विकसित भूखंड देण्याचें ठरलें. असा मोबदला मागणें हा शेतकऱ्याचा हक्क आहे, त्यांत पाप नाहीं. परंतु भूखंड विकला जातो आणि पैसाही सरतो.

सावकाराकडे जमीन तारण ठेवणें म्हणजे काय, हें आम्हां खेडुतांस सांगावयास नको. ती सोडविण्यास मोल द्यावें लागतें. दरिद्री बंधूनें विकलेली जमीन जवळच्या आप्तानें सोडवावी, असा नियम लेवीय २५ व्या अध्यायांत आहे. आम्ही पापाला विकले गेलों, तेव्हां प्रभु येशू आमचा आप्त झाला. त्यानें दिलेलें मोल सोन्यारुप्याचें नव्हतें. त्यानें आपलें रक्त दिलें, असें पेत्र सांगतो. असें तारण कोणी परत हिरावून घेऊं शकत नाहीं.

मग मोबदल्याच्या वांटणीवरून जो सख्ख्या भावाशीं बोलेनासा झाला आहे, त्यानें काय करावें? त्यानें येत्या प्रभुभोजनापूर्वीं भावाच्या दारीं जावें. ज्या भावासाठीं ख्रिस्तानें प्राण दिला, त्यास आम्ही हातभर जागेसाठीं गमवावें काय?

डोंगर ढळला, पण देवाची दया ढळली नाहीं. तिच्यावर आम्ही आपलें घर बांधूं या. आमेन.