फी माफ झाल्यावर

गरीब विद्यार्थ्यांच्या गोष्टी आम्हां मध्यम वर्गाच्या लोकांस फार आवडतात. परीक्षेसाठीं मुरुडाहून सातार्‍यास पायीं गेलेले अण्णासाहेब कर्वे, वार लावून जेवणारे व देवळाच्या ओसरीवर निजणारे विद्यार्थी, रस्त्यावरील दिव्याखालीं केलेला अभ्यास, हें सर्व आम्ही मुलांस भक्तिभावानें सांगतों. आणि ज्याच्या अंगीं हुशारी आहे त्यास गरिबी आडवी येत नाहीं, असा सिद्धांत काढून स्वस्थ होतों. पण हा हिशेब जे पार पडले त्यांचाच आहे. ज्यांनीं वाटेंत शाळा सोडली त्यांचीं चरित्रें कोण लिहिणार?

शिक्षणाची किंमत म्हणजे फी, ही आमची दुसरी समजूत. 2009 च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. 2024 सालीं महाराष्ट्र सरकारनें, उत्पन्नाची मर्यादा घालून, ठराविक वर्गांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण-फी माफ केली. दोन्ही गोष्टी योग्यच. परंतु खेड्यांतील मुलगी पुण्यास शिकावयास आली म्हणजे खोलीचें भाडें, खाणावळ, एस्. टी. चा प्रवास यांस माफी नसते, आणि महागाई बोंचते ती नेमकी येथेंच. शिवाय एक खर्च कोणत्याच पावतीवर येत नाहीं: घरीं राहून तिनें मिळविली असती ती मजुरी. बीडकडील ऊसतोडीस निघालेल्या कुटुंबाचें मूल दिवाळीच्या सुमारास वर्गांतून नाहींसें होतें, तें फीमुळें नव्हे; मागें ठेवलें तर त्यास भाकरी कोण घालणार, हा प्रश्न असतो.

शाहू महाराजांस हें उमगलें होतें. प्राथमिक शिक्षण त्यांनीं 1917 सालीं सक्तीचें व मोफत केलें. परंतु कोल्हापुरांत वसतिगृहें काढण्यास आरंभ केला तो त्याच्या कितीतरी आधीं, 1901 सालीं. भाऊराव पाटलांनीं 1924 सालीं सातार्‍यास सर्व जातींच्या मुलांसाठीं वसतिगृह काढलें, आणि त्या मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले. (हें आम्ही आदरानें वाचतों, आणि पान उलटतों.)

आज वसतिगृहांची किंवा निर्वाहभत्त्याची मागणी निघाली कीं आमच्यांतील कोणी गृहस्थ हटकून विचारतात, 'लोकांच्या मुलांचा भार आमच्या करांवर कां?' वारानें जेवणार्‍यास आमच्याच आजीनें पुण्य म्हणून वाढलें. तेंच अन्न हक्क म्हणून मागतांच आम्हांस फुकटेपणा वाटूं लागतो. आणि त्या गृहस्थांचा चिरंजीव सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत असला, तर त्याच्या शिक्षणाचा बहुतेक खर्च सार्वजनिक तिजोरींतूनच चाललेला असतो. त्या तिजोरींत ऊसतोड्यानें विकत घेतलेल्या काडेपेटीवरील करही जमा झालेला असतो.