सहन करणे आणि मान देणे

दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या पांढऱ्या वस्त्रांतील लोकांच्या रांगा आपण नागपूरकर पाहतो. रस्ते बंद होतात, आपण थोडी कुरकुर करतो आणि गप्प बसतो. ह्याला आपण सहिष्णुता म्हणतो. जणू दुसऱ्याची श्रद्धा ही एक अडचण आहे आणि आपण ती मोठ्या मनाने चालवून घेतो!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली येवल्याला धर्म बदलण्याचा निश्चय जाहीर केला. त्यानंतर ख्रिस्ती, शीख, मुसलमान, सर्वच समाजांच्या पुढाऱ्यांनी त्यांच्याशी बोलणी केली. ते आपल्याकडे आले असते तर आपण घंटा वाजवल्या असत्या. त्यांनी एकवीस वर्षे विचार केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे बौद्ध धम्म स्वीकारला.

त्यांच्यासोबत दीक्षा घेणाऱ्यांत नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी होते. आपल्यातील वडीलधाऱ्यांना हे नाव वेगळ्या कारणाने आठवत असेल. मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या अहवालाने आपल्याकडील धर्मांतरांकडे संशयाने पाहिले, आणि पुढे १९६८ साली मध्य प्रदेशात धर्मांतरावर बंधने घालणारा कायदाही झाला. हे मी त्यांना चिमटा काढण्यासाठी सांगत नाही. न्यायमूर्तींना कोणी काय आमिष दाखवले, असा प्रश्न आपल्या मनाला शिवतही नाही. शिकलेला माणूस, त्याने विचार करूनच ठरवले असणार. मग एखाद्या गरीब आदिवासीने धर्म बदलला की तोच प्रश्न पहिला का येतो? गरिबाला सद्सद्विवेकबुद्धी नसते काय?

राज्यघटनेचे २५ वे कलम हे स्वातंत्र्य सर्वांना देते. धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती नको, हे आपल्या ख्रिस्तसभेला इतक्या स्पष्टपणे सांगायला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे १९६५ साल उजाडले, हेही मान्य केले पाहिजे. सगळेच धर्म सारखे, असे म्हणणे म्हणजे हा मान नव्हे. मला माझी श्रद्धा खरी वाटते म्हणूनच ती लादलेली नको.

पण हे सारे बाहेरच्यांविषयी झाले. माझा मुलगा दोन वर्षांपासून मिस्साला येत नाही. मी रागावलो, लोक काय म्हणतील म्हणालो, आईच्या अश्रूंची भीती घातली. शोमरोनी गावाने प्रभूला थारा दिला नाही, तेव्हा शिष्य आकाशातून अग्नी मागवायला निघाले होते. प्रभूने त्यांनाच दटावले आणि तो दुसऱ्या गावाला गेला. हा उतारा कित्येकदा ऐकूनही अग्नी मागणारा मीच आहे, हे मला कळले नव्हते.

गेल्या महिन्यात मी त्याला पहिल्यांदा नुसते विचारले, का येत नाहीस? तो तासभर बोलला. निम्म्याहून अधिक मला पटले नाही. मी तसे सांगितले, त्यानेही ऐकून घेतले. आता रविवारी तो मला स्कूटरवरून चर्चच्या फाटकापर्यंत सोडतो आणि मिस्सा संपेपर्यंत समोरच्या टपरीवर चहा घेत बसतो.