गळणारी खिडकी

(शास्त्रपाठ : उपदेशक १०:१६–१८, २ राजे १२:४–१५)



उपदेशकाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायांत घराविषयीं एक लहानसें वचन आहे. त्याचा आशय असा कीं, आळशाचें आढें हळूहळू खालीं बसतें, आणि जो हातावर हात ठेवून राहतो त्याच्या घरांत पाऊस शिरतो. हें वचन कोठें आलें आहे तें पाहा. त्याच्या आधीं राजे व सरदार ह्यांची गोष्ट चालली आहे. सकाळीं उठल्याबरोबर मेजवानीस बसणाऱ्या सरदारांमुळें देशाची काय दशा होते, हें तेथें सांगितलें आहे. राज्याच्या गोष्टीस लागूनच पवित्र आत्म्यानें गळक्या घराची गोष्ट घातली. तेव्हां ही बाब क्षुल्लक आहे असें कोणी समजूं नये.

आपला सोलापूर जिल्हा अवर्षणाचा. पाऊस थांबावा म्हणून आपण क्वचितच प्रार्थना करतों. पडावा म्हणूनच गुडघे टेकतों. कोंकणांतला मनुष्य वैशाखांतच छपरावर चढून कौलें परतून घेतो, कारण मृग कोणाची गय करीत नाहीं हें त्यास ठाऊक असतें. आपल्याकडील खिडकी मात्र वर्षांतले बहुतेक दिवस ऊन व धूळ ह्यांनाच ओळखते. लांकूड वाळतें, चौकट भिंतीपासून सुटते, काचेभोवतींचें लुकण पापड होऊन गळून पडतें, आणि कोणाचें लक्ष जात नाहीं. मग एखाद्या वर्षीं मोठा पाऊस येतो. सन २०२० च्या आक्टोबरांत तो कसा आला हें वाचकांस आठवत असेल. भीमेस पूर आला, ओढे गांवांत शिरले, आणि पंढरपुरास घाटावरील भिंत कोसळून माणसें दगावलीं.

त्या पावसांत आमच्या स्वतःच्या घरीं जें घडलें तें कबूल केल्यावांचून ह्या विषयावर उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. आमच्या अभ्यासाच्या खोलीस पश्चिमेकडे एक खिडकी आहे. तिच्या खालच्या कोपऱ्यांतून पाणी येतें हें आम्हांस तीन पावसाळे ठाऊक होतें. पहिल्या वर्षीं आम्हीं तेथें गोणपाट कोंबलें. दुसऱ्या वर्षीं खालीं पातेलें ठेवलें. तिसऱ्या वर्षीं पातेलें कोठें ठेवावयाचें हें इतकें पाठ झालें होतें कीं, एकदां तें ठेवल्यावर पुनः पाहावयासहि गेलों नाहीं. त्या खिडकीजवळ एक लांकडी कपाट होतें, व त्याच्या खालच्या फळीवर मंडळीची बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही होती. तिसऱ्या दिवशीं पाऊस उघडल्यावर कपाट उघडलें, तों वही फुगून बसली होती. पानें एकमेकांस चिकटलीं होतीं, आणि जेथें नांवें होतीं तेथें निळे डाग होते.

पुढें कांहीं आठवड्यांनीं एका वस्तीवरून एक वृद्ध बाई आल्या. त्या म्हणाल्या, “पाळकसाहेब, माझ्या आईचं नांव त्या वहींत हाय म्हणत्यात. मला वाचाया येत न्हाई. एकदां वाचून दाखवा.” आम्हीं वही त्यांच्यापुढें उघडली आणि जें घडलें तें सांगितलें. त्यांनीं त्या डागांवरून हात फिरविला. बराच वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग विचारलें, “देवाघरच्या वहीला तर पानी लागत नसंल न्हवं?”

आम्हीं प्रकटीकरणांतील जीवनाच्या पुस्तकाचा दाखला देऊन त्यांस धीर दिला. उत्तर खरें होतें, परंतु तें देतांना आमची मान खालीं होती. जीवनाचें पुस्तक सुरक्षित आहे म्हणून मंडळीचें पुस्तक भिजूं द्यावें, असें कोणत्या शास्त्रांत लिहिलें आहे? देवानें आपलें राखलें आहे. आमच्या हातीं दिलेलें आम्हीं राखलें नाहीं.

त्यानंतर आम्हीं एका सुतारबंधूंस बोलाविलें. ते येतांच फटीत सिमेंट भरतील अशी आमची समजूत होती. त्यांनीं तसें कांहीं केलें नाहीं. त्यांनीं बादलीभर पाणी व एक तांब्या मागितला, आमच्या मुलास आंत बसविलें, आणि बाहेरून खिडकीच्या तळाशीं पाणी ओतूं लागले. मग बाजूंस ओतलें, मग वर. आम्हीं विचारलें कीं प्रथम वरून कां नाहीं? ते म्हणाले, “वरून ओतलं कीं सगळंच ओलं होतं, मग चोर कोठला तें कळत नाहीं.” तळाशीं ओतलें तेव्हां आंत कांहीं आलें नाहीं. बाजूंनीं ओतलें तेव्हांहि नाहीं. चौकटीच्या माथ्यावर पाणी पडलें आणि थोड्या वेळानें मुलानें आंतून हांक मारली. पाणी शिरत होतें वर, आणि दिसत होतें खालीं; चौकटीच्या मागल्या पोकळींतून तें गुपचूप उतरत होतें. तीन वर्षें आम्ही जेथें गोणपाट लावीत होतों तेथें दोष नव्हताच!

उपदेशकबंधूंनो, येथें थोडें थांबूं या. एखादा भाऊ उपासनेस येईनासा होतो. आपण त्याच्या घरीं जाऊन चौथी आज्ञा समजावून सांगतों व ओलें दिसतें तेथेंच गोणपाट कोंबून परत येतों. पाणी शिरलेलें असतें निराळ्याच ठिकाणीं: मुलीच्या लग्नाचें कर्ज असेल, पंचांच्या सभेंत कोणीं टाकलेला एखादा शब्द असेल, आजारी बायकोस भेटावयास मंडळींतून कोणी आलें नाहीं हें शल्य असेल. तें शोधावयाचें तर खालून, सावकाश, एकेक जागा पाहत जावें लागतें, आणि आंत बसून ऐकणारा कोणी असावा लागतो. व्यासपीठावरून एकदम सर्वांवर पाणी ओतल्यानें सगळी मंडळी ओली होते, परंतु चीर सांपडत नाहीं. असे उपदेश आम्हीं पुष्कळ केले आहेत.

आतां त्या बंधूंनीं खिडकी कशी नीट केली तेंहि लिहून ठेवतों; आपल्यापैकीं पुष्कळांस ती रीत उपयोगी पडेल. प्रथम त्यांनीं चौकट व भिंत ह्यांमधील सुटलेला जुना गिलावा पटाशीनें खोल खरवडून काढला. वरवर लावलेलें टिकत नाहीं. धूळ झाडून ती जागा पाण्यानें भिजविली, कारण कोरडी भिंत नव्या चुन्यांतलें पाणी पिऊन टाकते व चुना धरत नाहीं. मग एक भाग चुना व तीन भाग वाळू घट्ट कालवून तें दाबून भरलें, आणि त्यावर आठ दिवस ओलें गोणपाट टांगून ठेवावयास सांगितलें. (आमचें गोणपाट अखेर योग्य कामास लागलें.) खिडकीच्या खालच्या कट्ट्याचा उतार आंतल्या बाजूस झाला होता, तो त्यांनीं बाहेरच्या बाजूस करून दिला. कट्टा भिंतीच्या बाहेर बोटभर पुढें काढून त्याच्या पोटाखालीं एक बारीक खांच पाडली. पाणी कडेवरून उलटें वळून भिंतीस चिकटून आंत येऊं पाहतें. त्या खांचेपाशीं त्याचा धर सुटतो व तें खालीं ठिबकतें. खडूची पूड व जवसाचें तेल मळून लुकण केलें. परंतु तें लावण्यापूर्वीं कोरड्या लांकडास नुसतें तेल पाजलें. तसें न केल्यास लांकूड लुकणांतलें तेल शोषून घेतें, आणि लुकण एका उन्हाळ्यांत भेगाळतें. झडप पावसानें फुगून अडकत होती. ती लगेच तासावी असें आम्हीं म्हटलें, पण त्यांनीं साफ नाकारलें. “आत्तां तासली तर चैत्रांत इथून उंदीर जाईल,” असें ते म्हणाले. बाजारांत हल्लीं नळींतून दाबून भरावयाचें सिलिकॉनहि मिळतें. तें चांगलें आहे, मात्र ओल्या अथवा धुळकट जागेस तें चिकटत नाहीं. काम दोन दिवसांत झालें. त्यासाठीं आम्ही तीन वर्षें थांबलों होतों.

योवाश राजाच्या काळच्या याजकांनीं तर ह्याहून अधिक काळ घालविला. मंदिरास जेथें जेथें मोडतोड झाली असेल तेथें डागडुजी करावी, अशी राजानें आज्ञा केली होती. पैसा येत होता. तरी राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत काम झालें नव्हतें! याजकांनीं पैसा खाल्ला असें शास्त्र सांगत नाहीं. काम कोणा एकाचें नव्हतें, म्हणून कोणीच केलें नाहीं, असें आम्हांस वाटतें. मग यहोयादा याजकानें एक पेटी घेतली, तिच्या झांकणास भोंक पाडलें, व ती वेदीच्या उजवीकडे ठेवली. त्या पैशांतून चांदीचीं पात्रें केलीं नाहींत. तो सुतार, गवंडी व पाथरवट ह्यांच्या हातीं गेला, आणि लांकडांस व दगडांस लागला. मजुरी वांटणाऱ्यांकडून कोणी हिशेबहि मागितला नाहीं, कारण ते सचोटीनें वागत होते. आपल्या मंडळ्यांच्या वार्षिक सभेंत हें शेवटचें वाक्य मोठ्यानें वाचावें असें पुष्कळदां आमच्या मनांत येतें.

सोलापुरांत अमेरिकन मराठी मिशनचें काम एकोणिसाव्या शतकांत सुरू झालें, तेव्हांपासून आपल्यांत एक संवय पडली. कौल फुटलें, साहेबांस अर्ज करा. दाराची बिजागरी तुटली, अर्ज करा. सन १९७० मध्यें चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. साहेबलोक एकेक करून परत गेले. परंतु अर्ज लिहिण्याची संवय मागें राहिली. हल्लीं आपण ते कोणास लिहितों हें आपणांसच नीट ठाऊक नसतें. तेविसावें वर्ष उलटून फार दिवस झाले.

दुरुस्ती न करणें हा एक दोष, आणि दोष झांकून टाकणें हा दुसरा. आपल्याकडील माळवदाचीं घरें सर्वांस परिचित आहेत. माळवद गळूं लागलें कीं त्यावर मातीचा आणखी एक थर चढवावयाचा, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. चीर शोधण्यापेक्षां माती टाकणें सोपें. असे थर चढून चढून छपरांचें ओझें भयंकर वाढलें, आणि खालीं भिंती मात्र मातीत रचलेल्या दगडांच्या. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत धरणीकंप झाला, तेव्हां तीं घरें निजलेल्या माणसांवर बसलीं, आणि हजारों जीव गेले. ते लोक आपल्याहून अधिक पापी होते असें कोणी म्हणूं नये. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, त्यांच्याविषयीं प्रभूनें हाच प्रश्न विचारून “नाहीं” असें उत्तर दिलें आहे (लूक १३). त्या लोकांनीं आपल्या वाडवडिलांप्रमाणें घरें राखलीं, इतकेंच. परंतु आपण जिवंत राहिलेल्यांनीं आपल्या डोक्यावर काय चढवून ठेवलें आहे तें पाहावें. दोन भावकींतील भांडण मिटविल्यावांचून त्यावर नाताळचें जेवण घालतों, पुढल्या वर्षीं आणखी एक जेवण घालतों, आणि मंडळींत शांति आहे असें अहवालांत लिहितों.

लेवीयाच्या चौदाव्या अध्यायांत घराच्या भिंतीस हिरवट, तांबूस डाग पडल्यास काय करावें हें सांगितलें आहे. तेथें घरधन्यानें याजकास कळवावें, आणि याजकानें स्वतः त्या घरांत जाऊन भिंत पाहावी, अशी आज्ञा आहे. निरोप पाठवावा असें तेथें म्हटलेलें नाहीं. हें वाचल्यावर आम्ही त्या वृद्ध बाईंच्या घरीं गेलों. पूर्वीं दोनदां त्या खोलींत आम्हीं प्रार्थना केली होती. दोन्ही वेळां डोळे मिटलेले असल्यामुळें कीं काय, खिडकीस झडपच नाहीं हें आम्हांस दिसलें नव्हतें. चौकटीचा खालचा भाग वाळवीनें खाल्ला आहे, आणि गजांस खताच्या गोणीचें प्लास्टिक बांधलें आहे. त्यांचें अंथरूण त्याच भिंतीलगत असतें. दोन पावसाळे त्यांनीं तें रात्रीं उचलून चुलीपाशीं नेलें. त्या घरापासून हांकेच्या अंतरावर आपल्या मंडळीचीं चार कुटुंबें राहतात. कोणास सांगितलें कां नाहीं, असें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, “समद्यांच्याच खिडक्या गळत्यात, पाळकसाहेब.”

सुतारबंधूंनीं लिंबाचें लांकूड पाहून ठेवलें आहे. चुना व जवसाचें तेल मंडळीच्या पेटींतून आणलें. येत्या शनिवारीं सकाळीं न्याहारी करून आम्ही वस्तीवर जाणार आहों. ज्यांस येतां येईल त्यांनीं यावें, आणि ज्यांच्या घरीं चांगली पटाशी असेल त्यांनीं ती बरोबर आणावी. एका पटाशीवर चार खिडक्या व्हावयाच्या नाहींत.