जुगारी बाई आणि शरणागतीचा प्रश्न

जुगाराच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटात पहिली पायरी कबुलीची असते. जुगारापुढे आपले काही चालत नाही आणि आयुष्य हाताबाहेर गेले आहे, हे चारचौघांत मान्य करायचे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसने ही वाट पाडली, १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये निघालेल्या गॅम्ब्लर्स ॲनॉनिमसने ती जुगाऱ्यांसाठी घेतली. पुढच्या पायऱ्यांवर माणूस आपल्याहून थोर अशा शक्तीच्या हवाली होतो. ती शक्ती कोणती, हे ज्याचे त्याने ठरवायचे. सुरुवातीच्या या बैठकांत जवळजवळ सगळे पुरुष होते. ज्याच्या हातात पैसा आहे आणि घरात ज्याचा शब्द चालतो, त्याचा ताठा उतरवायला ही कबुली उपयोगी पडते. जिचे घरात आधीपासूनच फारसे चालत नाही, तिने तेच वाक्य म्हटले तर तो उपचार ठरतो की तिच्या रोजच्या स्थितीवर शिक्कामोर्तब, हा प्रश्न मात्र मूळ मांडणीत आलाच नाही.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावसारख्या भागात हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी मुंबईत सुरू केलेला मटका महाराष्ट्रभर पसरला, तरी तो पुरुषांचाच राहिला. आकडा लावायला टपरीवर जावे लागे, आणि गावातली बाई तिथे उभी राहिली असती तर संध्याकाळच्या आत बातमी वाडीवर पोचली असती. मोबाइलवरच्या रमीने ही अडचण संपवली. शिवाय १९६७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटले होते, त्यामुळे 'हा काही जुगार नव्हे' ही समजूत आयतीच मिळाली. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य आणि नशीब हा भेद मोडीत काढला. त्यात शिक्षा आहे ती खेळवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना, खेळणारीला नाही. कायदा तिला गुन्हेगार मानत नाही, गाव मात्र मानते. उपचारासाठी येणाऱ्यांच्या अभ्यासांत असेही वारंवार दिसले आहे की बायका पुरुषांपेक्षा उशिरा जुगाराकडे वळतात आणि लवकर बुडतात. पुष्कळ जणींना चुरस नको असते, काही वेळ डोके रिकामे हवे असते.

शेती म्हणजे जुगारच, हे वाक्य नारायणगावच्या टोमॅटो बाजारात कायम कानावर पडते, आणि त्यात खोटे थोडेच आहे? जुलै २०२३ मध्ये २० किलोच्या क्रेटचा भाव २,००० रुपयांच्या वर गेला होता. एखाद्या हंगामात तोच माल तोडणीची मजुरी सुटत नाही म्हणून बांधावर ओतला जातो. मग फोनवर शंभर रुपये लावले तर बिघडले कुठे? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त या प्रश्नाला भिडते. बायको दुरावलेला, सासूच्या नजरेतून उतरलेला जुगारी त्यात स्वतःची कथा सांगतो, आणि शेवटी सविता देव त्याला फासे टाकून शेत कसायला सांगतो. शेती बेभरवशाची असते हे सूक्तकर्त्याला ठाऊक नसेल, असे मानण्याचे कारण नाही. फरक धोका किती, यात नाही. भाव पडला तरी खुडणीला आलेल्या बायकांची मजुरी झालेली असते, जनावरांना चारा मिळालेला असतो, पुढच्या लागणीचे शहाणपण आलेले असते. पटावर एकाचा डाव दुसऱ्याच्या खिशातून येतो. नवे काही पिकत नाही.

परंपरेतल्या द्यूतकथांत बाई असते ती बहुधा सोसणारी, नाहीतर पणाला लागलेली. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात चक्रधरांच्या पूर्वायुष्यातला जुगार येतो. हरिपाळदेव, म्हणजे पूर्वाश्रमीचे चक्रधर, हरतात, देणे भागवायला पत्नी कमळाइसेकडे दागिने मागतात, ती नकार देते आणि तिथूनच त्यांच्या वैराग्याला सुरुवात होते. कमळाइसेच्या नकाराला जेवढे श्रेय मिळायला हवे होते तेवढे मिळालेले नाही. हरल्यावर त्यांच्यासारखे वैराग्य घेऊन रामटेकच्या वाटेला लागणे तिला शक्यही नव्हते. अपवाद देवीचा. लेण्याद्रीवर जिने गणपतीसाठी तप केले असे मानतात ती गिरिजा पुराणांत शंकराशी सारीपाट खेळते आणि जिंकते. वेरूळच्या लेण्यांत तो डाव कोरलेला आहे. देवीला शोभते ते सुनेला शोभत नाही, हे वेगळे सांगायला नको.

सर्वांत अवघड प्रश्न द्रौपदीने विचारला. जो आधी स्वतःलाच हरला, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का? भीष्मांनाही त्याचे उत्तर देता आले नाही. व्यसनाच्या विचारात हा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो, कारण स्वतःवर ताबा नसलेल्या माणसाने घेतलेला निर्णय त्याचा म्हणायचा की नाही, हे तिथेही ठरवावे लागते. जुगारी बाईच्या बाबतीत पट मांडणारी आणि पणाला लागलेली एकच असते. युधिष्ठिर हरूनही धर्मराजच राहिला. डोरले गहाण टाकलेल्या बाईला 'आई' म्हणवून घेण्याचीही चोरी होते. तिचा पहिला आजार अहंकाराचा नसतो, लाजेचा असतो. जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७५ साली अमेरिकेत विमेन फॉर सोब्रायटी ही संस्था काढली ती याच कारणाने: व्यसनी बाईला आपण दुबळ्या आहोत हे नव्याने शिकवायची गरज नाही, आयुष्याची सूत्रे हातात घ्यायला शिकवायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते.

म्हणून शरणागती टाकूनच द्यावी का? इथे वारकरी विचार उपयोगी पडतो. तुकारामांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला मानली जाते. तुकारामांना त्यांचा उपदेश स्वप्नात झाला. पुढे कोल्हापुरात राहणाऱ्या बहिणाबाईंनाही तुकारामांचा अनुग्रह स्वप्नातच मिळाला. त्यांचा नवरा या भक्तीच्या विरोधात होता, मारहाणही करत होता. बहिणाबाई विठोबाला शरण गेल्या, आणि त्यामुळेच घरातल्या सत्तेपुढची त्यांची शरणागती अपुरी राहिली. शरण जाणे कोणाला, यावर सगळे अवलंबून आहे. वारीत वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. त्यात कोणी वरचा नसतो. स्वमदत गटातही गुरू नसतो, आधी बुडालेली नंतर बुडालेलीला हात देते. नवस मात्र या शरणागतीत बसत नाही, कारण 'डाव लागला तर नारळ फोडीन' हा देवाशीही लावलेला पणच आहे.

गट कोणता, हा पुढचा प्रश्न. बायकांचा गट म्हटले की या भागात बचत गट. नाबार्डने १९९२ साली गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली आणि शेजारच्या राजगुरुनगरातल्या 'चैतन्य' संस्थेने खेड तालुक्यात गटांचे जाळे विणले. महिन्याच्या ठरल्या दिवशी देवळात किंवा अंगणवाडीत सतरंजी पडते, हजेरी होते, हप्त्याच्या नोटा मोजून वहीत मांडल्या जातात, सह्या-अंगठे होतात. हजारो जणींनी पहिल्यांदा चारचौघींत तोंड उघडले ते इथेच. पण हप्ताच खेळात गेला असेल तर ही जागा कबुलीची राहत नाही. ऐकणाऱ्याच तिच्या सावकार असतात. मग ती 'माहेरी कार्यक्रम आहे' असा निरोप पाठवते आणि मायक्रोफायनान्सचे नवे कर्ज काढून जुने झाकते.

अशा वेळी अनोळखी बायकांची ऑनलाइन बैठक कामाची ठरते. चूल आवरल्यावर, कॅमेरा बंद ठेवून, वेगळ्या नावाने बसता येते. न भेटलेल्या माणसाचा शब्द लागू पडतो, यात बहिणाबाईंच्या मुलखाला नवल वाटू नये. धोकेही आहेत. बैठक आणि डाव एकाच फोनमध्ये असतात, फोन कधी नवऱ्याचा तर कधी मुलाचा असतो, आणि व्हॉट्सॲप गटात नंबर सगळ्यांना दिसतो. म्हणून नंबर न दिसणारी बैठकच बरी.

सर्वांत नाजूक भाग पैशाचा. गॅम्ब्लर्स ॲनॉनिमसमध्ये सगळी देणी कागदावर मांडून काही काळ पैशाचा कारभार जोडीदाराकडे सोपवायला सुचवतात. पुरुषासाठी हे शहाणपणाचे आहे. बाईसाठी त्याचा अर्थ असा होऊ शकतो की बचत गटामुळे कुठे तिच्या नावाचे पासबुक झाले होते, तेही परत गेले. त्यापेक्षा बहिणीची किंवा विश्वासातल्या मैत्रिणीची जोडसही असलेले खाते, फोनवरून यूपीआय काढून टाकणे आणि ठरवून फेडायची देणी हा मार्ग बरा. फेड हेच इथले प्रायश्चित्त; उपासतापासाने गटाची वही जुळत नाही. जीव नकोसा झाला असेल तर मात्र गटाची वाट पाहू नये. २०२२ पासून चालू असलेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, आणि पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा 'निशिगंध' हा व्यसनी स्त्रियांसाठीचा स्वतंत्र विभाग आहे.