अटारीच्या अलीकडचं सासर

जून २०२० च्या अखेरच्या आठवड्यात अटारी-वाघ्याचं फाटक थोड्या दिवसांसाठी उघडलं आणि पाकिस्तानात अडकून पडलेले सातशेहून अधिक भारतीय नागरिक घरी परतले. करोनाच्या साथीमुळे मार्चच्या मध्यापासून तिथली ये-जा बंद होती, त्यामुळे ही आनंदाचीच बातमी होती. पण त्या फाटकापलीकडे काही बायका मागे राहिल्या. नवरे भारतीय, मुलं भारतीय, सगळा संसार भारतात. पासपोर्ट तेवढा पाकिस्तानी. परतणाऱ्यांच्या यादीत त्यांची नावं नव्हती. त्यांतल्या काहींच्या मुलांना अलीकडे येता येत होतं आणि आईला येता येत नव्हतं. अशा वेळी आईने मुलाला पुढे पाठवायचं की स्वतःजवळ ठेवायचं, हा निर्णय कुठल्याही सरकारने कुठल्याही आईवर टाकू नये.

या बायका पाकिस्तानात का गेल्या होत्या, हे समजून घ्यायला हवं. फाळणीने दुभंगलेल्या घराण्यांत त्यानंतरही सोयरिकी होत आल्या. सिंधमधल्या उमरकोटच्या बाजूचे सोढा राजपूत स्वतःच्या कुळात लग्न करत नाहीत, म्हणून पिढ्यान् पिढ्या त्यांच्या लेकी राजस्थानात येत आल्या. लग्न होऊन इकडे आलेली अशी मुलगी दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहते. भारतीयाशी लग्न झालेल्या परदेशी व्यक्तीला नागरिकत्वाचा अर्ज करायलाही सात वर्षांचं वास्तव्य लागतं, आणि अर्ज दिला की लगेच काम झालं असंही नसतं. दरम्यान बापाचं आजारपण येतं, भावाचं लग्न निघतं. माहेरी जायचं तर तेव्हा ती 'नोरी' नावाचा परतीचा व्हिसा घेत असे. ठरावीक मुदतीत परत यायचं, अशी त्याची अट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये समझोता एक्स्प्रेस आणि थार एक्स्प्रेस दोन्ही थांबल्या होत्या. त्यामुळे जमिनीवरून यायची एकच वाट उरली होती, अटारीची. २०२० मध्ये तीही बंद झाली, आणि बंद असतानाच कित्येकींच्या शिक्क्याची मुदत उलटून गेली. मुदत त्यांनी मोडली नव्हती. परतायला रस्ताच नव्हता. नंतरच्या महिन्यांत त्यांना टप्प्याटप्प्याने येऊ दिलं गेलं, पण नागरिकांच्या मागून, नव्याने कागद करून.

सीमा बंद केल्या हे चुकलं, असं मला म्हणायचं नाही. त्या मार्चमध्ये या विषाणूविषयी डॉक्टरांनाही पुरतं ठाऊक नव्हतं, आणि सरकारला काहीतरी ताबडतोब करणं भाग होतं. मला विचारायचं आहे ते एवढंच, की आत कुणाला घ्यायचं हे कशावरून ठरवलं गेलं?

११ मार्च २०२० रोजी भारत सरकारने आदेश काढला. दिलेले बहुतेक सगळे व्हिसे १३ मार्चपासून स्थगित झाले. राजनैतिक आणि सरकारी कामाचे, संयुक्त राष्ट्रांचे व्हिसे वगळले होते. नोकरीचे आणि प्रकल्पांचे व्हिसेही वगळले होते. म्हणजे कारखान्यात यंत्र बसवायला येणाऱ्या परदेशी इंजिनिअरला त्या दिवशी दार उघडं होतं. जिचा किंवा ज्याचा संसारच इथे आहे, त्या परदेशी जोडीदाराचा विचार आदेशात नव्हता. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारकांना व्हिसाशिवाय येण्याची जी कायमची सोय होती, तीही त्याच आदेशाने थांबवली. पुढे २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानंच बंद झाल्यामुळे हा भेद काही काळ झाकला गेला. ७ मे रोजी परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणणारी 'वंदे भारत' मोहिमेची विमानं सुरू झाली, तेव्हा तो उघडा पडला.

अमेरिकेत नोकरी गेलेल्या आणि साठ दिवसांत देश सोडणं भाग असलेल्या भारतीय जोडप्यांना या विमानांत जागा मिळत होती, पण त्यांच्या तिथे जन्मलेल्या बाळाला मिळत नव्हती. आईबाप भारतीय, बाळ अमेरिकन, त्याच्या नावाचं ओसीआय कार्ड असूनही ते बसू शकत नव्हतं. दुधावरच्या बाळाला मागे ठेवून कोण आई विमानात चढेल? बोभाटा झाल्यावर २२ मे रोजी गृह मंत्रालयाने सवलत दिली. परदेशात जन्मलेली भारतीयांची अल्पवयीन मुलं, घरात मृत्यूसारखा प्रसंग ओढवलेले कार्डधारक, आईवडील भारतात असलेले विद्यार्थी, आणि ज्या जोडप्यातला एक जण भारतीय व दुसरा कार्डधारक असून त्यांचं कायमचं घर भारतात आहे अशी जोडपी, यांना येण्याची मुभा मिळाली. सगळ्या कार्डधारकांसाठी दार उघडायला ऑक्टोबर उजाडला.

पुण्यात माझ्या परिचयाचं एक घर आहे. सून जर्मन, लग्नाला बारा-तेरा वर्षं झालेली, मराठी बोलणारी. आईच्या शेवटच्या आजारपणात ती फेब्रुवारीत माहेरी गेली. आई मार्चमध्ये गेली आणि सून तिकडेच अडकली. नवरा आणि शाळकरी मुलगी इकडे. सासूबाई रोज संध्याकाळी फोनवर तिला पहिल्यांदा विचारायच्या, 'जेवलीस का गं?' मग मुलगी फोन घ्यायची. मेअखेरीला सवलतीची बातमी आली तेव्हा घरात कागदांची शोधाशोध सुरू झाली. 'कायमचं घर भारतात' हे दाखवायचं कसं? विवाह नोंदणीचा दाखला, सोसायटीचं पत्र, लाइट बिल, फ्लॅटचा इंडेक्स टू, मुलीच्या शाळेचा बोनाफाइड, असा सगळा गठ्ठा स्कॅन करून दूतावासाकडे गेला. फ्लॅट नवऱ्याच्या आणि सासऱ्यांच्या नावावर. लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर. त्या घरात बारा वर्षं जिने स्वयंपाक केला, आजारी सासऱ्यांचं केलं, तिचं नाव त्या गठ्ठ्यात फक्त विवाहाच्या दाखल्यावर होतं. सासूबाई मला म्हणाल्या होत्या, 'माहेरी गेलेल्या सुनेला घरी परत यायला परवानगी लागते, हे मी पहिल्यांदाच ऐकतेय.'

ती जूनमध्ये आली. मुंबईत उतरल्यावर नियमाप्रमाणे सात दिवस हॉटेलात आणि पुढचे सात दिवस घरातल्या एका खोलीत राहिली. विमानात तिच्या शेजारी बसलेल्या भारतीय माणसालाही हेच करावं लागलं. माझ्या म्हणण्याचं सगळं बळ या एका गोष्टीत आहे. साथ आवरण्यासाठी जे उपाय होते, तपासणी, विलगीकरण, घरी बसणं, ते दोघांना सारखेच लागू होते आणि दोघांवर सारखेच चालत होते. मग पासपोर्टचा रंग बघून साथीला कोणता अटकाव झाला?

जपानने हाच भेद अधिक काटेकोरपणे पाळला. ३ एप्रिल २०२० नंतर ठरावीक देशांत गेलेल्या परदेशी रहिवाशांना, अगदी कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना आणि जपानी माणसाशी लग्न झालेल्यांनाही, खास कारणाखेरीज परत येता येईना. जपानी नागरिक मात्र त्याच देशांतून येऊन तपासणी करून घरी जात होते. म्हणजे नवरा-बायको एकाच गावाहून, एकाच विमानाने आले असते, तर नवरा आत आणि बायको बाहेर. ही अट सप्टेंबरपासून सैल होत गेली.

डेन्मार्कची गोष्ट वेगळी, आणि मला ती विचार करायला लावते. तिथल्या सरकारने मेच्या अखेरीला शेजारच्या देशांतल्या जोडीदारांना, लग्न न झालेल्यांनाही, येऊ द्यायचं ठरवलं. नातं खरं आहे हे कळायचं कसं, तर सुरुवातीला पोलिसांनी फोनमधले फोटो आणि संदेश दाखवा असं सुचवलं. लोकांनी त्यावर आक्षेप घेतला, आणि मग लेखी हमीवर भागेल असं मंत्र्यांनी सांगितलं. सरकारने माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचं ठरवलं. साथीच्या ऐन भरात एका सरकारला हे जमलं, याची नोंद आपण घ्यायला हवी.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ७ मेला वंदे भारतचं पहिलं विमान कोचीला उतरलं. दुसऱ्या दिवशी, ८ मेच्या पहाटे, औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांना मालगाडीने चिरडलं. जालन्याहून पायी निघालेले ते लोक भुसावळहून मध्य प्रदेशात आपापल्या गावी जाणारी गाडी गाठायला चालले होते. नागरिक होते, याच देशाचे. ज्या दिवसांत स्वतःच्या देशात चालत घरी जाणाऱ्यांची ही गत होती, त्या दिवसांत व्हिसा अडकलेल्या सुनांबद्दल बोलायचं?

बोलायचं, कारण दोन्ही ठिकाणी चूक एकाच जातीची होती. मजूर कामाच्या गावी आहे म्हणजे तो तिथे राहील, असं धरून टाळेबंदी आखली गेली. त्याचं घर कुठे आहे हे कुणी विचारलं नाही. परदेशी जोडीदाराच्या बाबतीतही तेच झालं. संकटात माणूस पहिल्यांदा घराकडे धाव घेतो. करमाडचे मजूर रुळांवरून घरीच निघाले होते. त्यांच्या दुःखाशी अटारीवरच्या बाईच्या दुःखाची तुलना मी करणार नाही. पण एकाचं दुःख मोठं आहे म्हणून दुसऱ्याबद्दल गप्प बसावं, हेही मला मान्य नाही.

गोव्यात तर दोन देशांचे पासपोर्ट असलेल्या अशा घरांची कमतरता नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं, म्हणून कित्येक घरांत एकाचा पासपोर्ट पोर्तुगीज आणि दुसऱ्याचा भारतीय. नवरा इंग्लंडमध्ये स्विंडनला कामाला, बायको-मुलं सालसेतला किंवा बार्देसला. नागरिकत्व बदललं ते पोटासाठी. घर, चर्चमधली जागा, आईवडिलांची थडगी गोव्यातच. हा माणूस मार्च २०२० च्या आदेशाने एका दिवसात परका ठरला.

आंतरराष्ट्रीय कायद्याला हा प्रश्न नवा नाही. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला. त्याच्या बाराव्या कलमानुसार कुणालाही स्वतःच्या देशात येण्यापासून मनमानीने अडवता येत नाही. 'स्वतःचा देश' म्हणजे केवळ ज्याचं नागरिकत्व आहे तो देश, असा संकुचित अर्थ घेऊ नये. ज्या देशाशी माणसाची खास नाळ जुळलेली आहे, तिथे त्याला निव्वळ परका मानता येणार नाही, असं त्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या मानवी हक्क समितीने १९९९ मध्ये स्पष्ट केलं. पुण्याची जर्मन सून आणि राजस्थानात नांदणारी उमरकोटची लेक यांची नाळ याहून आणखी कशी जुळायची असते?

यात बायकांच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. एके काळी बऱ्याच देशांत बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं की तिचं नागरिकत्व आपोआप जाऊन नवऱ्याचं तिला चिकटायचं. हा अन्याय होता. १९५७ च्या विवाहित स्त्रियांच्या नागरिकत्वाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने तो दूर करायचा प्रयत्न केला. लग्नाने बाईचं नागरिकत्व बदलू नये, हे तत्त्व आता बहुतेक देशांत रुजलं आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे एका छपराखाली दोन पासपोर्ट असणं ही नेहमीची गोष्ट झाली. बाईला स्वतःचं नागरिकत्व राखण्याचा हक्क द्यायचा आणि तो तिने बजावला म्हणून संकटकाळात तिला घराबाहेर ठेवायचं, यात न्याय नाही.

'मग नागरिकत्व घ्यावं ना,' असं सहज म्हटलं जातं. आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही. इथलं घ्यायचं तर जन्माच्या देशाचं सोडावं लागतं, आणि म्हातारे आईबाप तिकडे असलेल्या माणसाला ते सोपं नसतं. शिवाय नागरिकत्वही शेवटपर्यंत राखतं असं नाही. मे २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने भारतातून परतणाऱ्या आपल्याच नागरिकांना बंदी केली. बंदी मोडली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड. ती ३ मेपासून १५ मेपर्यंत टिकली. आपल्याकडे तेव्हा दुसरी लाट ऐन भरात होती. मेलबर्न-सिडनीत घर असलेली आणि आईबापांना बघायला इकडे आलेली मराठी माणसंही त्या बंदीच्या टप्प्यात येत होती. त्या वेळी आपण सगळे ऑस्ट्रेलियावर चिडलो. त्यांच्या घराची वाट अडवली म्हणून चिडलो, आणि ते बरोबरच होतं. तोच राग वर्षभर आधी अटारीवर थांबलेल्या बायकांसाठी आपल्याला आला नव्हता.

पुढची साथ केव्हा येईल हे कुणी सांगू शकत नाही, पण सीमा बंद करण्याचा आदेश पुन्हा कधीतरी निघणार हे नक्की. गृह मंत्रालयाने २२ मे २०२० ला दिलेली सवलत ११ मार्चच्या आदेशातच चार ओळींत घालता आली असती. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, ओसीआय कार्डावर किंवा जोडीदार म्हणून मिळालेल्या व्हिसावर ज्यांचं घर भारतात आहे, त्यांना आणि त्यांच्या अल्पवयीन मुलांना परतण्याच्या बाबतीत नागरिकांच्या बरोबरीने वागवावं, बंद काळात उलटलेली परतीची मुदत आपोआप वाढावी, आणि तपासणी व विलगीकरणाचे नियम सगळ्यांना सारखे असावेत. हे नियम साथ नसताना, शांत डोक्याने लिहून ठेवायचे असतात. आपल्या खासदाराला पत्र लिहिणारे वाचक अजून आहेत असा माझा विश्वास आहे. त्यांनी या विषयावर एक पत्र जरूर लिहावं.